नकार देणारे लोखंड



ज्या गृहस्थांनी १८४५ साली सर जमशेटजी जीजीभाई यांच्या बरोबरीने ‘इंडियन रेल्वे असोसिएशन’ उभारून मुंबई इलाख्यात लोखंडी रस्ता आणण्याचा उद्योग आरंभिला, त्या नाना शंकरशेट यांच्या पुण्यतिथीस रेल्वेसंबंधी चार शब्द बोलण्याची आज्ञा आपण मला केलीत, तेव्हा वाफेच्या इंजिनांविषयी, बोरघाटातील बोगद्यांविषयी, निदान बोरीबंदरच्या इमारतीविषयी काही ऐकावयास मिळेल अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. १६ एप्रिल १८५३ या दिवसाचे वर्णन तर आपल्यापैकी अनेकांना मुखोद्गत असेल: १४ डबे, ४०० निमंत्रित, २१ तोफांची सलामी आणि ठाण्यापर्यंतचा ३४ किलोमीटरांचा प्रवास. परंतु त्या दिवशी त्या रुळांवर समोरून दुसरी गाडी येण्याचा संभव नव्हता, आणि म्हणून ज्या विद्येविषयी मी आज बोलणार आहे तिची त्या सोहळ्यात कोणास आठवण होण्याचेही कारण नव्हते. एका मार्गावर दुसरी गाडी आली की त्या विद्येचा अंमल सुरू होतो. तिला सिग्नलची विद्या म्हणतात; तिची जुनी आयुधे, म्हणजे खांबावरचे हात, केबिनीतील लीव्हर, घंटा, तारा आणि स्टेशन मास्तरांच्या खोलीतील त्या गंभीर चेहऱ्याच्या पेट्या, आज भंगारात निघाली आहेत, आणि ती पुन्हा जुळवून, दुरुस्त करून, चालती करण्याचा उद्योग काही थोडी माणसे करीत आहेत. तो उद्योग कसा करावा आणि त्यात नेमके काय जतन करावयाचे असते, एवढाच माझा आजचा विषय आहे.

हा प्रश्न आज पडतो याचे कारण उघड आहे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने १९२८ साली बोरीबंदर आणि भायखळा यांच्या दरम्यान स्वयंचलित रंगीत दिव्यांचे सिग्नल बसविले, तेव्हाच हाताच्या सिग्नलांचे भवितव्य एका अर्थी ठरून गेले होते. तथापि मुंबईबाहेर त्या हातांचे राज्य पुढे दीर्घकाळ अबाधित राहिले. १९९२ पासून मीटरगेज व नॅरोगेज मार्ग रुंद करण्याचा धडाका सुरू झाला, बार्शी लाईटसारखे जुने मार्ग त्यात नव्याने जन्मास आले, आणि रुळांबरोबर त्यांच्या कडेचे सारे सामानही निकामी मालाच्या यादीत जाऊन पडले. अशी यादी करणाऱ्या कारकुनाच्या दृष्टीने चाळीस लीव्हरांची चौकट म्हणजे अमुक टन बीड आणि तमुक क्विंटल पोलाद. त्या दप्तरात तिच्यासाठी दुसरा रकानाच नसतो, आणि रकान्याबाहेर पाहण्याचा अधिकारही त्याला कोणी दिलेला नसतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. मला अधिक खटकतात ते त्या लिलावातून एखादा सिग्नलचा हात सन्मानाने उचलून आणणारे रसिक. एका उपाहारगृहाच्या दाराशी असा एक हात मी पाहिला आहे. त्याला झळझळीत तांबडा रंग दिला होता, पांढरा पट्टा रेखीव काढला होता, आणि येणाऱ्या गिऱ्हाइकाला ‘या’ म्हणावे म्हणून तो खाली झुकवून तसाच वेल्डिंगने पक्का केला होता. म्हणजे जी वस्तू संशय येताच ‘थांबा’ म्हणण्यासाठी निर्माण झाली, तिला अखंड ‘या’ म्हणण्याची शिक्षा दिलेली!

मला जे सांगावयाचे आहे ते या वेल्डिंगपाशीच येऊन ठेपते. सिग्नलच्या यंत्राचा धर्म हालचाल हा नव्हे; हालचाल तर कोणतेही यंत्र करते. योग्य कारण नसेल तर हलण्याचे नाकारणे हा त्याचा धर्म आहे. ज्या जीर्णोद्धाराने यंत्र सुंदर झाले, गुळगुळीत झाले, परंतु त्याचा नकार गेला, तो जीर्णोद्धार नव्हे.

हा नकार लोखंडात एकदम उतरलेला नाही. १८४१ च्या सुमारास चार्ल्स हटन ग्रेगरी यांनी लंडनजवळ न्यू क्रॉस येथे खांबावरचा हात रेल्वेसाठी प्रथम उभा केला, तेव्हा मार्ग मोकळा असल्याची खूण म्हणजे हात खांबाच्या खाचेत पूर्ण दडलेला असणे ही होती. मोकळीक हीच नेहमीची स्थिती, आणि अडविणे हा अपवाद. हा शिरस्ता किती घातक आहे हे कळण्यास १८७६ चा जानेवारी उजाडावा लागला. २१ तारखेस इंग्लंडातील ग्रेट नॉर्दर्न रेल्वेवर ॲबट्स रिप्टन येथे बर्फाच्या वादळात हात खाचेतच गोठून राहिले. केबिनीतल्या माणसाने लीव्हर ‘धोका’ या स्थितीत टाकला होता, तरी खांबावर ‘मोकळा मार्ग’ हीच खूण दिसत राहिली. स्कॉटलंडहून येणारी एक्स्प्रेस एका कोळशाच्या गाडीवर जाऊन आदळली, आणि त्या ढिगाऱ्यावर थोड्या वेळाने लीड्सकडे जाणारी दुसरी एक्स्प्रेस आदळली. त्या चौकशीतून दोन गोष्टी निघाल्या. सिग्नलची नेहमीची स्थिती धोक्याची असावी, ही पहिली. आणि तार तुटली, दांडा मोडला, काहीही बिघडले, तरी हात स्वतःच्या रचनेनेच धोक्याकडे परत यावा, ही दुसरी. त्याच रेल्वेने पुढे मध्यावर तोललेला निराळा हात काढला, तो बर्फाच्या धाकाने.

आपल्याकडे बर्फ नाही. पण आपल्याकडचा जुना हात खाली पडून मार्ग देणारा आहे, आणि त्यामुळे त्याच्या जीर्णोद्धारात एक सूक्ष्म संकट आहे. आडवा हात म्हणजे थांबा, खाली झुकलेला म्हणजे जा. आता नुसता हात खिळ्यावर टांगला तर पृथ्वीचे आकर्षण त्याला कोठे नेईल? अर्थात खाली, म्हणजे नेमके ‘जा’ म्हणण्याकडे. म्हणून खिळ्याच्या दुसऱ्या बाजूस काचांची ओतीव लोखंडी चौकट मुद्दाम जड केलेली असते, आणि खांबाच्या तळाशी वजनाचा लीव्हर असतो. ही दोन वजने हाताच्या वजनावर मात करून त्याला वर धरतात, आणि केबिनीतून तार ओढली जाईल तेव्हाच तो खाली येतो. जुना हात पत्र्याचा असतो. तो गंजला म्हणून कोणी जाड पत्र्याचा नवा हात करून लावतो, कोणी रंगाचे दहा थर जसेच्या तसे ठेवून त्यावर अकरावा देतो, कोणी फुटलेल्या काचांच्या जागी पातळ प्लॅस्टिक बसवून चौकट हलकी करतो, आणि प्रत्येकाने आपल्या अजाणतेपणी तो तोल थोडाथोडा ढळविलेला असतो. म्हणून जोडलेल्या सिग्नलची परीक्षा रंग वाळल्यावर घ्यावयाची नसून तार तोडून घ्यावयाची असते. हात खाली पाडावा, आणि तार एकदम सोडून द्यावी. तो खटकन आडवा झाला तर सिग्नल झाला. रेंगाळला, अर्ध्यावर अडकला, तर अजून तो खांबावरचा पत्राच आहे.

काचांविषयी एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. जुन्या चौकटीतील ‘हिरवी’ काच हातात घेऊन उन्हात धरली तर ती पुष्कळदा निळसर दिसते, आणि हौशी मंडळी ती चुकीची समजून फेकून देतात. सिग्नलच्या मागचा दिवा रॉकेलचा असे. रॉकेलची ज्योत पिवळी असते. त्या पिवळ्या ज्योतीपुढे निळसर काच आली म्हणजे दूरच्या ड्रायव्हरला स्वच्छ हिरवा प्रकाश दिसावा, असा तो हिशेब आहे. आज त्याच चौकटीमागे पांढरा विजेचा दिवा लावला तर रंग बिघडतो, आणि दोष काचेच्या माथी येतो. दिव्याच्या पाठीमागे एक बारीक भोक असे, त्यातून केबिनीकडे पांढरा ठिपका दिसे, आणि हात खाली पडला की तो ठिपका झाकला जाई. म्हणजे ज्याने तार ओढली त्यालाही रात्रीच्या काळोखात आपल्या हुकमाची तामील झाली की नाही याची रुजुवात घेता येई. आठ दिवस जळणारे दिवे निघण्यापूर्वी बत्तीवाला रोज संध्याकाळी शिडी चढून जाई. त्या शिड्या मात्र आज कोणी जपत नाही.

आता केबिनीत येऊ. ज्यांनी जुनी केबिन पाहिली आहे त्यांना ती रांग आठवत असेल: तांबडे लीव्हर सिग्नलांचे, काळे सांध्यांचे, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळविणाऱ्या जोडांचे, निळे सांध्यांच्या कुलपांचे, तपकिरी फाटकांचे, आणि पांढरे ज्यांना काम उरलेले नाही त्यांचे. दिसते ते एवढेच. ज्यासाठी ही चौकट जगात आली ते सारे पायाखालच्या फळ्यांच्या तळी असते. ब्रायटनचा सुतार जॉन सॅक्सबी याने १८५६ साली सांधे आणि सिग्नल एकत्र हलविण्याचे पेटंट घेतले. पण एकत्र हलविणे आणि एकाने दुसऱ्यास अडविणे यांत मोठे अंतर आहे, आणि ते ऑस्टिन चेंबर्स याने केंटिश टाऊन जंक्शनवर १८६० च्या सुमारास ओलांडले. सांधा ज्या दिशेस लागला आहे त्याच दिशेचा सिग्नल पडू शकेल, आणि एकदा तो पडला की सांधा जागचा हलणार नाही, हा करार तेव्हापासून लोखंडावर लिहिला जाऊ लागला. सॅक्सबी आणि त्याचा भागीदार फार्मर यांनी पुढे त्यात जी सुधारणा केली ती मला यंत्रविद्येतील अत्यंत मार्मिक कल्पनांपैकी एक वाटते. लीव्हर ओढण्यापूर्वी त्याच्या मुठीजवळची खटकी दाबावी लागते; त्यांनी कुलूप लीव्हरला न जोडता त्या खटकीला जोडले. म्हणजे माणसाने लीव्हर ओढण्याआधी, नुसता ओढण्याचा मनसुबा करताच, त्याच्याशी विरोध असलेले सारे लीव्हर बंदिस्त होतात, आणि तो पूर्ण ओढून खटकी सोडीपर्यंत ज्यांना मुभा मिळावयाची त्यांना ती मिळत नाही. कृती अर्धवट असेतो तिचे सर्व निर्बंध लागू, आणि तिचा लाभ मात्र शून्य! आपल्या विधिमंडळांनी केलेल्या किती कायद्यांना एवढी दूरदृष्टी आहे, हा विचार मी आजच्या सभेच्या अध्यक्षांवर सोपवितो. ते वकील आहेत.

अशी चौकट भंगारातून आली म्हणजे प्रथम फळ्यांखालचे कुलपांचे तबक उघडावे लागते. टॅपेट पद्धतीच्या चौकटीत प्रत्येक लीव्हरला एक पोलादी पट्टी जोडलेली असते, पट्टीच्या कडेला उतरत्या खाचा कापलेल्या असतात, आणि आडव्या सरकणाऱ्या खुंट्या त्या खाचांत शिरून किंवा त्यांतून बाहेर ढकलल्या जाऊन एकमेकांची वाट अडवितात. साठ-सत्तर वर्षांची वंगणाची काळी खळ, तिच्यात मुरलेली धूळ, उंदरांनी नेलेल्या चिंध्या, हे सारे काढल्यावर त्या खाचांचे उतार दिसू लागतात, आणि येथेच कानशीचा मोह होतो. लीव्हर जड चालतो, खुंटी घासते, म्हणून कोणी तिचा कोपरा थोडा मारतो. लीव्हर मग लोण्यासारखा चालू लागतो, आणि पाहणारे वाहवा करतात. परंतु खुंटीचा जो कोपरा मारला तोच नकार देणारा कोपरा होता. झिजलेल्या खुंटीवर धातू चढवून मूळ मापावर आणणे हे काम. ती आणखी घासून सुलभ करणे हा अपराध. माझ्या ओळखीचे एक वृद्ध फिटर, ज्यांनी सारी हयात असल्या तबकांवर वाकून काढली, ते नव्या पोराच्या हाती पहिले वर्षभर कानस देतच नसत.

यापुढची पायरी परीक्षेची. प्रत्येक चौकटीबरोबर एक कोष्टक असते. त्यात कोणता लीव्हर कोणाला सोडवितो आणि कोणाला बांधतो याचा तपशील लिहिलेला असतो. कोष्टक हाती असेल तर लोखंडाची त्याच्याशी रुजुवात घ्यावी. नसेल तर खाचांवरून ते पुन्हा लिहून काढावे. हे काम ताम्रपटावरून वंशावळ जुळविण्याइतके किचकट असते, तथापि होते. त्यानंतर परीक्षकाने बुद्धिपुरस्सर दुष्ट व्हावयाचे असते. गाडी समोर आहे, सांधा उलटा आहे, फाटक उघडे आहे, अशी कल्पना करून सिग्नल ओढण्याचा प्रयत्न करावा. लीव्हर अर्ध्यावर धरून दुसरा ओढून पाहावा. जे करू नये ते सारे क्रमाने करून पाहावे. २० लीव्हरांच्या चौकटीत प्रत्येकाला दुसऱ्या प्रत्येकाविरुद्ध उभे केले तर ३८० जोड्या होतात, आणि दोन्ही स्थिती धरल्या तर त्याहून पुष्कळच अधिक. एकही सोडता येत नाही. जो लीव्हर सगळ्या दिवसांत एकदाही अडला नाही त्याच्याविषयी अधिक संशय घ्यावा.

चौकटीबाहेरच्या सामानाविषयी थोडक्यातच सांगतो, जरी त्यात फसगती पुष्कळ आहेत. केबिनीपासून सिग्नलपर्यंत जाणारी तार पोलादाची असते, आणि पोलाद तापमानाबरोबर वाढते. एक किलोमीटर तारेत २० अंशांच्या फरकाने सुमारे २४ सेंटिमीटरांची वाढ होऊ शकते. विदर्भातील उन्हाळ्यात पहाटे नीट चालणारा सिग्नल दुपारी अर्धवटच पडतो, तो यामुळे. म्हणून केबिनीत तार ताणण्याची वा सैल करण्याची सोय असते, आणि ती दिवसातून दोनतीनदा फिरविणे हा तेथल्या माणसाच्या आन्हिकाचा भाग असे. प्रदर्शनासाठी चार मीटरांवर सिग्नल उभारणाऱ्यांस ही अडचण येत नाही, पण मग त्यांच्या प्रेक्षकांना हे कळणारही नाही की तो लीव्हर ओढण्यास पाठीचा कणा का लागत असे. सांध्याजवळ रुळाला लागून एक लांब लोखंडी पट्टी असते. सांध्याचे कुलूप काढावयाचे तर ती प्रथम वर उचलली गेली पाहिजे, आणि वर गाडीचे चाक असेल तर ती उचलली जात नाही. दोन चाकांमधील अधिकात अधिक अंतरापेक्षा ती लांब ठेवलेली असते, म्हणजे गाडी उभी असेतो एक ना एक चाक तिच्यावर असतेच. येथे नकार देणारी खुद्द गाडीच आहे, आणि तिला आपण काही केल्याची जाणीवही नाही. संग्रहालयात जागा नाही म्हणून ही पट्टी कापून अर्धी केलेली मी पाहिली आहे; कापणाऱ्याला ती नुसती पट्टी वाटली.

आता त्या गंभीर चेहऱ्याच्या पेट्या. एकेरी मार्गावर दोन स्थानकांमध्ये एका वेळी एकच गाडी असावी, या साध्या नियमाच्या पालनासाठी त्या जन्मल्या, आणि त्यांच्या जन्मामागेही एक काळरात्र आहे. १० सप्टेंबर १८७४ रोजी इंग्लंडात नॉर्विचजवळ थॉर्प येथे एका अधिकाऱ्याने समोरची मेल पुढे पाठविण्याविषयीचा तारेचा मजकूर सांगितला, पण त्यावर सही केली नाही. सहीवाचून मजकूर जाऊ नये असा नियम असता तारबाबूने तो पाठवून दिला. लगेच चूक ध्यानात येऊन ‘मेल थांबवा’ अशी दुसरी तार गेली, आणि उत्तर आले की मेल निघाली. पावसात, वळणावर, दोन्ही गाड्या एकमेकींस समोरासमोर मिळाल्या. त्यावेळी तार होती, माणसे होती, नियम होते, सहीचा शिरस्ताही होता. जे नव्हते ते एवढेच की सही नसताना तारेने स्वतःहून जाण्याचे नाकारले नाही. एडवर्ड टायर याने १८७८ साली ती उणीव भरून काढली. दोन स्थानकांत दोन पेट्या, त्यांच्यात एक तार, आणि पेट्यांत धातूच्या चकत्या. दोन्हीकडच्या माणसांच्या संमतीवाचून चकती निघत नाही, आणि एक चकती बाहेर असेतो दोन्ही पेट्या दुसरी देत नाहीत. ड्रायव्हरच्या हाती ती चकती नसेल तर त्याने त्या दोन स्थानकांमधल्या खंडात पाऊल टाकावयाचे नाही.

आपल्या देशात या कुळातील जे यंत्र सर्वाधिक रुळले ते नील यांचे गोळ्यांचे. चकतीच्या जागी पोलादी गोळा. त्यावर दोन्ही स्थानकांची अक्षरे आणि क्रमांक. शेजारच्या खंडाचा गोळा या यंत्रात शिरू नये अशी त्याची घडण. यंत्राच्या दांड्याला तीन जागा: मार्ग बंद, गाडी तिकडे जात आहे, गाडी तिकडून येत आहे. वेताच्या मोठ्या कडीला चामड्याची पिशवी, तिच्यात गोळा, आणि न थांबणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरने बाहेर काढलेल्या हातावर ती कडी अलगद अडकविणारा खलाशी, हे दृश्य ज्यांनी मिरजेच्या किंवा मनमाडच्या बाजूस जुन्या काळी प्रवास केला त्यांना आठवेल. एका दिशेने गाड्या अधिक धावल्या की गोळे एकाच स्थानकात साठत, दुसरीकडचे यंत्र रिकामे होई. मग जबाबदार माणूस येऊन यंत्र उघडी, गोळे मोजी, पलीकडे नेऊन भरी आणि नोंदवहीत दाखला करी. पोलादाच्या त्या गोळ्यांचा जमाखर्च कित्येक सावकारांच्या वहीखात्याहून चोख असे.

हे यंत्र दुरुस्तीस आले म्हणजे सागवानी पेटी, पितळी दांडा आणि घंटा यांवर सर्वांचे लक्ष जाते, आणि पितळ घासून लखलखीत करणे हे पहिले काम समजले जाते. ते शेवटचे असावे. आधी आतील वेटोळी तपासावीत. रेशमी वेष्टणाची बारीक तांब्याची तार पावसाळी हवेने हिरवी पडून टोकाशी तुटलेली असते, आणि पुष्कळदा वेटोळे सारे उलगडण्याची गरज नसून ते टोक तेवढे शोधण्याची असते. जुने लोहचुंबक दुबळे होतात, विजेचा लोळ तारेवर पडला तर बिघडतातही. मग काटा आळशासारखा हलतो, आणि त्याला चपळ करण्यासाठी कोणी बॅटरीचा जोर वाढवितो, जे सर्वथा वर्ज्य समजावे, कारण ज्या यंत्राला दुबळ्या प्रवाहावर ‘नाही’ म्हणावयाचे आहे त्याला जबरदस्तीने ‘हो’ म्हणावयास लावण्याचाच तो प्रकार आहे. स्क्रू नवे मिळत नाहीत. मोठे बोल्ट व्हिटवर्थच्या आट्यांचे आणि बारीक स्क्रू ब्रिटिश असोसिएशनच्या मापाचे असतात, आणि मेट्रिक स्क्रू त्या भोकात दीड फेरा आनंदाने जाऊन पुढे आटे खाऊन टाकतो. भायखळ्याच्या सिग्नल कारखान्यात किंवा सिकंदराबादेस १९५७ साली स्थापन झालेल्या सिग्नल अभियांत्रिकीच्या संस्थेत शिकून आलेल्या जुन्या मंडळींकडे त्या मापांचे आटे पाडण्याचे टॅप अजून सापडतात. त्यांच्याकडे अदबीने जावे.

हे सारे यथासांग झाले तरीही एक यंत्र म्हणजे निम्मेच यंत्र. खालच्या तळीवाचून जात्याची वरची तळी जशी दिवाणखान्यात शोभेल पण दाणा भरडणार नाही, तसे हे एकटे गोळ्याचे यंत्र; त्याला नकार द्यावयास पलीकडे कोणी नाही आणि संमती घ्यावयासही कोणी नाही. आपल्याकडील लिलावांत अशा जोड्या हटकून फुटतात, कारण दोन पेट्या दोन स्थानकांच्या यादीत असतात, आणि दोन स्थानके कित्येकदा दोन विभागांत.

इंग्लंडातील एका केबिनीचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. एक्झिटर वेस्ट येथे ग्रेट वेस्टर्न रेल्वेने १९१३ साली बांधलेली केबिन पुढे वाढवीत वाढवीत १३१ लीव्हरांची झाली. १९८५ साली ती बंद पडल्यावर हौशी मंडळींनी ती उतरवून क्रू येथे नेली आणि पुन्हा उभी केली. तिच्या तारांच्या टोकाला आज ना सांधा आहे ना रूळ. परंतु त्या मंडळींनी कुलपे जिवंत ठेवली, आणि शेजारच्या ज्या केबिनी आता उरल्या नाहीत त्यांच्या घंटांची उत्तरे देण्यासाठी गाड्यांची नक्कल करणारी संगणकीय यंत्रणा बसविली. माणूस घंटा वाजवितो, नसलेल्या स्थानकातून उत्तर येते, नसलेली गाडी येते, आणि लीव्हर चुकीच्या क्रमाने ओढू पाहिला तर तो खराखुरा अडतो. यात खोटेपणा आहे असे म्हणणारे आहेत. मला तसे वाटत नाही. रूळ गेले तरी चालतील, गाडी गेली तरी चालेल, परंतु नकार खरा राहिला पाहिजे, हे त्यांनी ओळखले. श्रूजबरीस मात्र १९०३ ची, १८० लीव्हरांची केबिन आजही प्रत्यक्ष गाड्या चालविते, आणि तेथे कशाचीही नक्कल करावी लागत नाही.

या जुन्या लोखंडाचा आजच्या विजेच्या युगाशी काय संबंध, असे विचारणाऱ्यास मी २ जून २०२३ ची अपघाताची सायंकाळ दाखवीन. ओडिशात बालासोरजवळ बहानगा बाजार येथे सिग्नल मुख्य मार्गाचा हिरवा होता आणि सांधा बाजूच्या मार्गास लागला होता. त्या मार्गावर मालगाडी उभी होती. सॅक्सबी आणि चेंबर्स यांनी जी अवस्था अशक्य करून ठेवली होती नेमकी तीच. चौकशीत आढळले ते असे की पूर्वी केलेल्या बदलांत आणि फाटकाच्या कामाच्या वेळी सिग्नलच्या जोडणीत चुका राहिल्या होत्या. लोखंडी खुंटी डोळ्यांना दिसते आणि तिच्यावर कानस मारल्याची खूण राहते. तार एका खिळ्यावरून काढून दुसऱ्यावर लावली तर तशी खूण राहत नाही. ज्या तरुणाने एकदा तरी अडलेल्या लीव्हरवर आपला भार टाकून पाहिला आहे, त्याला चौकटीतील एकेका जोडणीचे मोल अधिक कळेल असे मला वाटते, आणि जुनी सामग्री चालती ठेवण्याचे माझ्यापुरते हे पुरेसे समर्थन आहे.

आता थोडे व्यवहाराचे. ज्या कोणाच्या हाती असले सामान येईल त्याने लोखंडाआधी कागद मागावे: कुलपांचे कोष्टक, स्थानकाच्या कामकाजाचे नियम, तारांचा नकाशा, गोळ्यांची नोंदवही. लोखंड लिलावात मिळते, कागद शेगडीत जातात. सेवेतून निवृत्त झालेल्या सिग्नल फिटरांकडे, सांधेवाल्यांकडे, बत्तीवाल्यांकडे जाऊन त्यांचे बोलणे टिपून घ्यावे; यंत्राच्या पुस्तकात जे नाही ते त्यांच्या बोटांत आहे. आणि संग्रहालयांच्या चालकांस माझी विनंती अशी की त्यांनी गोळ्यांची दोन यंत्रे काचेच्या कपाटात शेजारी शेजारी न मांडता इमारतीच्या दोन टोकांना ठेवावीत, मधून तार न्यावी, आणि मुलांना दोन तुकड्यांत वाटून गोळा मागू द्यावा. तीन ठोके गाडी खंडात शिरल्याचे, चार ती पोहोचल्याचे, सहा धोक्याचे. एवढे त्यांना दहा मिनिटांत येते. पहिला गोळा निघेल, तो एका मुलाने वेताच्या कडीतून पलीकडे पोहोचवावा. आणि तो वाटेत असताना दुसऱ्या मुलाने दुसरा गोळा मागावा, म्हणजे तो मिळणार नाही. तो का मिळत नाही हे त्याला लगेच सांगू नये, थोडा वेळ ओढू द्यावे. याला दोन पेट्या, इमारतीच्या लांबीइतकी तार, काही कोरडे सेल आणि आठवड्यातून एकदा येऊन संपर्क पुसणारा एक माणूस एवढेच लागते. माणूस मिळविणे कठीण जाईल. त्याचा पगार कोणत्या रकान्यात घालावयाचा, हा प्रश्न चालकांपुढे येईल, आणि त्यासाठी अर्ज करावयाचा झाल्यास त्यावर पहिली सही करण्यास मी तयार आहे.